जावयाची बॅग माळ्यावर ठेवू नका

इंदूरच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. जावई देखणा, जिभेवर साखर. गणपतीत आरतीला यायचा, कुणी न सांगता सिलेंडर उचलून आत ठेवायचा. प्रॉपर्टीचं काम करतो म्हणाला, फेब्रुवारीत लग्न झालं. सप्टेंबरात कळलं की त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा खटला आहे, शिवाय तो जिलाबदर, म्हणजे जिल्ह्यातून तडीपार, होता. ज्या टोळीत तो वाढला तिच्या म्होरक्याच्या बहिणीशी त्याचं ठरलं होतं. ते मोडून हे लग्न केलं, म्हणून आता दोन गटांत जुंपली आहे. चौघं जण सळई घेऊन अंगणात शिरून घर पेटवायची धमकी देऊन गेले. मुलगी सध्या माहेरी आहे. जावई एका रात्री येऊन माळ्यावर बॅग ठेवून गेला. "लग्न रद्द होईल का?" असं ते विचारतात.

होऊ शकतं. पण आधी त्या बॅगेचं बघू.

ती उघडू नका, जागची हलवू नका. उद्याच एखादा वकील सोबत घेऊन पोलिस थान्यात लेखी कळवा, पंचनामा करून बॅग ताब्यात द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. गुन्हेगाराला आसरा दिल्याबद्दल भारतीय न्याय संहितेत जी शिक्षा आहे, तिच्यातून फक्त पती किंवा पत्नीला सूट आहे. सासऱ्याला नाही. प्रकरण संघटित गुन्हेगारीच्या कलम 111 खाली गेलं, तर आसरा देणाऱ्याला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आणि किमान 5 लाख दंड आहे. त्या गुन्ह्यातून आलेला माल जवळ बाळगला तर मात्र पत्नीलाही सूट नाही. म्हणजे ती बॅग तुमच्याइतकीच तुमच्या मुलीलाही गोत्यात आणू शकते. जावई पुन्हा रात्री आला तर दार उघडू नका. जिलाबदरचा आदेश चालू असेल, तर त्याचं इंदुरात पाऊल टाकणं हाच गुन्हा आहे.

आता ते चौघं. तक्रारीत नुसतं "धमकी दिली" लिहाल, तर थान्यात अदम चेक (अदखलपात्र तक्रारीची नोंद) कापून हातात देतील आणि तपास तिथेच अडेल. जे घडलं ते सगळं लिहा: फाटक कसं ढकललं, अंगणात कुठपर्यंत आले, सळई कुणाच्या हातात होती, किती वाजले होते. मारहाणीच्या तयारीनं घरात घुसणं कलम 333 खाली येतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पोलिसांना थेट तपास करता येतो. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्याचं फुटेज आजच मागून घ्या, ते फार दिवस टिकत नाही. थान्यात ऐकलं नाही तर वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यांना लेखी पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जा. या प्रकरणात तुम्ही साक्षीदार ठरलात, तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे संरक्षण मागता येतं.

पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की मुलीचं अजून त्याच्यावर मन आहे. मी ती ओळ तीनदा वाचली, कारण लग्न रद्द करण्याचा अर्ज तुम्हाला करताच येत नाही. तो तिचा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार, नवऱ्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द होतं. खुनाच्या प्रयत्नाचा खटला लपवणं ही तशीच गोष्ट आहे, असं मी कोर्टात ठामपणे मांडेन. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज हवा, आणि कळल्यावर ती राजीखुशीनं त्याच्यासोबत नांदली असेल तर हा रस्ता बंद होतो. मग उरतो घटस्फोट, आणि तो लांबतो. म्होरक्याच्या बहिणीशी नुसतं ठरलं होतं की फेरेही झाले होते, तेही शोधा. फेरे झाले असतील आणि ते लग्न कायम असेल, तर तुमच्या मुलीचं लग्न मुळातच शून्य आहे, आणि पहिलं लग्न लपवल्याबद्दल त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

तिच्यावर ओरडू नका. ई-कोर्ट्सच्या साइटवर त्याचं नाव टाकून खटल्याच्या तारखा तिला स्वतःला बघू द्या. मग तिला एकटीला वकिलाकडे पाठवा. तुम्ही बाहेर बाकावर बसा. तुमच्यासमोर ती खरं बोलणार नाही.