तपासणीच्या खोलीत उत्तर कुणी द्यायचं?

“ताई, मी सोलापूरची, वय २७. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम बघते. पहिलंच बाळंतपण आहे, एकविसावा आठवडा संपत आलाय. मोठ्या जाऊबाईंना त्यांच्या धाकट्याच्या वेळी सोळाव्या आठवड्यातच बाळ हललेलं कळलं होतं. त्या रोज विचारतात, ‘अजून नाही?’ मला काहीच समजत नाही. पोटात गुडगुडतं, पण ते गॅसचं की बाळाचं? सोनोग्राफीत सगळं नीट आहे, बाळानं हात हलवलेला पडद्यावर मी स्वतः बघितला. वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला आहे एवढंच वेगळं लिहिलंय. विचारण्याला कंटाळून मी एकदा ‘हो, हललं’ म्हणून टाकलं. सासूबाई इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराला नारळ वाढवून आल्या. त्या फार प्रेमळ आहेत, मला लेकीसारखं बघतात. तपासणीलाही त्याच सोबत येतात. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी हालचालीचं विचारलं तेव्हा ‘हो, पंधरा दिवस झाले’ असं त्यांनीच सांगितलं. मिस्टर बाहेर बसले होते, ते यात पडत नाहीत. जाऊबाईंच्या या तुलनेचं मी काय करू? माझ्यात काही कमी आहे का? आणि आता खरंच काही जाणवलं तरी सांगणार कुणाला?”

जाऊबाईंचं नंतर बघू. खरं तर त्यांचं बघण्यासारखं फार नाहीच.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ते तू वाटेत पडलेल्या खड्यासारखं ओलांडून पुढं गेलीस. डॉक्टरांनी प्रश्न तुला विचारला आणि उत्तर सासूबाईंनी दिलं. तू गप्प बसलीस. ते उत्तर तुझ्या फाइलवर लिहिलं गेलं असणार, कारण पाचव्या महिन्यापासून प्रत्येक तपासणीला हा प्रश्न विचारतात तो नोंद ठेवण्यासाठीच. म्हणजे आज तुझ्या कागदांवर एक गोष्ट आहे जी झालेलीच नाही, आणि ती खरी नाही हे जगात फक्त तुला माहीत आहे.

आधी तुझ्या जिवाला लागलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे पुढचं नीट ऐकशील. तुझ्यात काहीही कमी नाही. बाळ सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच हलायला लागतं, पण तेव्हा ते इतकं लहान असतं की आईला पत्ता लागत नाही. पहिलटकरणीला ते साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळतं, कुणाकुणाला त्याच्याही पुढं. दुसऱ्या खेपेला सोळाव्या आठवड्यातही कळतं, कारण काय ओळखायचं हे त्या बाईला आधीच्या वेळेपासून ठाऊक असतं. तुझ्या जाऊबाईंचं ते दुसरं होतं, तुझं पहिलं आहे. झाली तुलना. त्यात तुझी वार पुढच्या बाजूला, म्हणजे बाळ आणि पोटाची भिंत यांच्या मध्ये. सुरुवातीचे हलके धक्के तिथंच जिरतात. अशा बायकांना बाळाची चाहूल बऱ्याचदा उशिरा लागते. बाळ हलतंय हे तू पडद्यावर बघितलंयस. ते आतून जाणवायचं तेवढं बाकी आहे.

गुडगुडण्याचं विचारलंस. सुरुवातीला फरक कळणं अवघडच असतं, भल्याभल्यांना कळत नाही. आतून हलकी टिचकी बसल्यासारखं वाटतं, तेही एकाच जागी पुन्हा पुन्हा, आणि जेवणाखाण्याशी त्याचा संबंध दिसत नाही. दिवसभर तू आकड्यांत बुडालेली असतेस, तेव्हा लक्ष जाणार नाही. रात्री निवांत कुशीवर पडल्यावर जाईल. पोट दाबून, हलवून बघू नकोस.

आता सासूबाई. त्या प्रेमळ आहेत असं तू सांगितलंस, आणि मला ते पटतंय. नारळाचंही पटतंय. त्यांच्या काळात सोनोग्राफी अशी सहज होत नव्हती. बाळ पहिल्यांदा कधी हललं ती तारीख जपून ठेवायचे, तिच्यावरून बाळंतपणाचा अंदाज बांधायचे. म्हणून त्यांना त्या दिवसाचं एवढं अप्रूप. पण पोट तुझं आहे. डॉक्टरांच्या टेबलासमोर तुझ्या शरीराबद्दल तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी बोलणं, कितीही मायेनं असलं तरी, मला मान्य नाही. लेकीसारखं बघणाऱ्या बाईनं तिथं लेकीकडं बघायला हवं होतं आणि तिला बोलू द्यायला हवं होतं. आणि तुझे मिस्टर ‘यात पडत नाहीत’ म्हणजे कशात पडत नाहीत? त्यांच्या बाळाची तपासणी चालली होती. बाहेरच्या बाकड्यावर बसून ते कोणाची मर्जी सांभाळत होते?

मला एवढा राग का येतो ते सांगते. तुला पुढची तारीख महिन्याने दिली असेल, तर तेव्हा तुझा चोविसावा आठवडा सरलेला असेल किंवा सरत आलेला असेल. चोविसाव्या आठवड्यापर्यंत एकदाही हालचाल जाणवली नाही तर डॉक्टरांना सांगायचं असतं. ते ठोके ऐकतात, गरज वाटली तर पुन्हा सोनोग्राफी करतात. बहुतेक वेळा सगळं ठीक निघतं. पण ते तपासतात कधी? ‘अजून नाही’ असं कुणी सांगितलं तर. तुझी फाइल म्हणते की पाचव्या महिन्यापासून बाळ मजेत हलतंय. मग कोण कशाला बघेल? आणि त्या दिवशीही सासूबाई शेजारच्या खुर्चीत असतीलच. ‘हलतंय ना गं?’ म्हटलं की तू पुन्हा मान डोलावशील, कारण आता नाही म्हणायचं तर आधीचं खोटं उघडं पडतं.

याहून मोठी भीती पुढच्या महिन्यांची. सातव्या महिन्यापर्यंत बाळाची हलण्याची एक रीत बसलेली असते आणि ती फक्त आईला ठाऊक असते. सोनोग्राफीत बाळ काही मिनिटं दिसतं, तू मात्र त्याच्याबरोबर दिवसरात्र असतेस. एखाद्या दिवशी ती रीत बिघडली, हालचाल मंदावली, तर ते बाळ त्रासात असल्याचं लक्षण असू शकतं. पोटातच बाळ गेल्याच्या कितीतरी घटनांत आधी हालचाल कमी झालेली असते. त्या रात्री घरातले सगळे समजूत काढतील. झोपलं असेल, काहीतरी गोड खा, शेवटच्या महिन्यात जागाच कमी पडते. हे शेवटचं तर साफ चूक आहे. दिवस भरत आल्यावर हालचालीचा प्रकार बदलतो, ढुशीऐवजी सरकल्यासारखं वाटतं, पण हलणं कमी होत नाही. पोटातलं बाळ एका वेळी वीस ते चाळीस मिनिटं झोपतं, दीड तासाच्या वर क्वचितच. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर शंका आली तर डाव्या कुशीवर पडून दोन तास फक्त तिकडं लक्ष दे. दहा वेळा हललेलं जाणवलं नाही, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, मध्यरात्र असली तरी. गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा. घरी ठोके ऐकायचं यंत्र ऑनलाइन मिळतं, त्याच्यावर विसंबून थांबायचं नाही.

त्या रात्री सगळं घर ‘काही नाही गं’ म्हणत असताना तुला एकटीला उभं राहून म्हणावं लागेल, ‘मला ठीक वाटत नाही, चला.’ आज वीस-एकवीस आठवड्यांची असताना, काहीही बिघडलेलं नसताना, ‘अजून नाही’ एवढे दोन शब्द तुझ्या तोंडून निघत नाहीत. मग त्या रात्रीचं वाक्य कुठून निघणार?

म्हणून माझं एकच सांगणं आहे, आणि ते उद्याचं आहे. सासूबाईंना घेऊन नाही. ऑफिसातून दोन तासांची सवलत माग, रिक्षा कर आणि दवाखान्यात जा. डॉक्टरांना सांग, ‘गेल्या वेळी हालचाल जाणवते असं सांगितलं गेलं, ते बरोबर नव्हतं. मला अजून जाणवलेली नाही. माझी वार पुढं आहे. मी कधीपर्यंत वाट बघू?’ लाज वाटून घेऊ नकोस. नोंद दुरुस्त झाली तर त्यांना बरंच वाटेल.

घरी सासूबाईंना त्याच संध्याकाळी सांग. ‘आई, मी घाईत हो म्हटलं होतं, अजून काही कळलेलं नाही.’ त्या दुखावतील, एखादा दिवस बोलणार नाहीत. जाऊबाई हसतील. चालेल. नारळ तुझ्या बाळासाठी वाढवला होता आणि बाळ आहेच, त्यामुळं तो वाया गेलेला नाही. पुढच्या तपासणीला त्या आनंदानं येऊ देत, पण आत तुझ्याबरोबर नवरा येईल, हे त्याला आजच बजाव. आणि तिथं तोसुद्धा तुझ्या वतीनं बोलणार नाही.

‘सांगणार कुणाला’ या तुझ्या शेवटच्या ओळीनं माझ्या पोटात कालवलं. जी गोष्ट अजून घडलीच नाही ती घरानं साजरी करून टाकली आणि तुझ्या वाट्याला काही उरलंच नाही, असं तुला वाटतंय ना? उरलंय गं. सगळंच उरलंय. उद्या ती नोंद खोडून घेतलीस की तुझी वाट बघणं पुन्हा खरं होईल, आणि मग ज्या दिवशी कळेल त्या दिवशी कुणाला आधी सांगायचं, की दोन दिवस कुणालाच सांगायचं नाही, हे तुझं तू ठरव.

उद्या दवाखाना किती वाजता उघडतो ते आत्ताच फोन करून विचार.