एका तारखेला एकच लग्न

प्रिय मुली,

मंगळवारी गाळ्यात पालथ्या क्रेटवर बसून तू वही उघडलीस. डिसेंबरमधल्या एकाच तारखेपुढे लग्नाच्या फुलसजावटीसाठी तीन नावं होती. ‘मावशी, तिन्ही घेऊ का?’ मी चहा सांगितला आणि तुझ्या आईचा गुडघा कसा आहे ते विचारलं. उत्तर माहीत नव्हतं म्हणून नाही. उत्तर चार शब्दांचं आहे, आणि ते तोंडावर सांगितलं असतं तर तू चहा न पिताच उठली असतीस.

एका तारखेला एकच लग्न.

एवढ्यावर पटलं असेल तर पुढचं वाचू नकोस. नसेल पटलं तर वाच. अधिक ज्येष्ठ चालू आहे, १५ जूनपर्यंत कुणाचं लग्न नाही, कारागीर बंगालात मेदिनीपूरला गावी गेलेत, बादल्या पालथ्या पडल्यात. मला लिहायला सवड आहे.

तुझ्या हातात कला आहे की नाही यावर मी शाई घालवणार नाही. साखरपुड्याला तू निशिगंधाची जी चौकट केलीस ती मी पाहिली. देठ कुठंही दिसत नव्हते, बास. प्रश्न हाताचा नाही, वहीचा आहे.

तारखा अशा एकावर एक का पडतात तेही तुला ठाऊक आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, यंदा वर हा अधिक महिना. मेच्या उत्तरार्धातली बरीच गर्दी तुळशीच्या लग्नानंतर ढकलली गेलीय. म्हणजे डिसेंबरमधली एकेक तारीख साऱ्या पुण्याला हवी. तुला तिघांनी विचारलं यात फार हुरळून जाऊ नकोस. त्या तारखेला दहावी नापास फुलाऱ्यालाही तिघं विचारतील.

आता नीट बघ. मुहूर्त १२ वाजून ३६ मिनिटांचा असं पत्रिकेत छापतात. आपलं काम त्याच्या आधीच्या रात्री असतं. कार्यालयात आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच कुणाचं रिसेप्शन. शेवटची पंगत उठायला साडेदहा, त्यांचा मांडव उतरवून स्टेज मोकळं व्हायला बारा. सकाळी सातला फोटोग्राफर दारात, नऊला गौरीहर पाहिजे. हाती राहिले सात तास. त्यात सांगाडा, कापड, देठ खोचायचा फोम, फुलं, प्रवेशद्वार, गाडी आणि झाडलोट. तिन्ही कार्यालयं त्याच रात्री बाराला मोकळी होणार. तीन लग्नं घेतलीस तरी रात्र तुला एकच मिळणार आहे, हे तू वहीत कुठं लिहिलंस?

‘टीम लावते,’ म्हणालीस. कुठून? एका मांडवाला मला सहा माणसं लागतात. तुला अठरा लागतील, आणि त्या रात्री शहरातला चांगला हात आधीच कुणाकडेतरी गेलेला असतो. उरतो तो, ज्याला कुणी नेलं नाही. एक साधी गोष्ट सांगते. फोमची वीट पाण्यावर नुसती ठेवायची, आपल्या वजनानं बुडू द्यायची. दोन मिनिटं लागतात. हातानं दाबली तर वरून ओली दिसते आणि पोटात कोरडी राहते. रात्री दोनला, झोप आलेली असताना, रोजावर आणलेला पोरगा ती दाबतोच. त्याला कुणी शिकवलेलं नसतं आणि बघायला तू नसतेस, तू दुसऱ्या कार्यालयात असतेस. सकाळी सातच्या फोटोत सगळं छान येतं. अकराला स्टेजवरचा डच गुलाब मान टाकतो, नेमका नवरीच्या खुर्चीमागचा. लिलीचंही तसंच. उमलली की आतले केशरी तुरे चिमटीनं काढायचे, एकेक. एक राहिला आणि शालूला घासला तर तो डाग जात नाही. हे सगळं बघायला तुला दोन डोळे आहेत, सहा नाहीत.

मी हे कुठल्या वर्गात शिकले नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा मे. दुपारचं एक लग्न शहरात, गोरज मुहूर्ताचं दुसरं तळेगावच्या बाजूला लॉनवर. मला वाटलं, वेळा वेगळ्या आहेत, जमेल. संध्याकाळच्या नवरीनं मोगऱ्याच्या कळ्यांचा हार मागितला होता, मध्ये गुलाबाचे गोंडे. मी तो सकाळी नऊला स्वतः ओवला, ओल्या मलमलीत गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत ठेवला. तळाला बर्फ, वर जाळी, बर्फ फुलाला लागू नये म्हणून. पेटी टेम्पोत दिली आणि दुपारच्या लग्नाला पळाले. तिथं यजमानांना ऐन वेळी सोफ्यामागची फुलं बदलून हवी झाली. टेम्पो दीड ते साडेतीन उन्हात उभा राहिला. पोरानं पेटी उघडून वितळलेलं पाणी ओतून दिलं आणि झाकण लावायचं विसरला. त्याचा दोष नाही. त्याला सांगायला मी तिथं नव्हते.

मी पोचले तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. अंतरपाट खाली आला. नवरीनं हार उचलला आणि तिचे हात मध्येच थांबले. कळ्या चहात बुडवून काढल्यासारख्या झाल्या होत्या. तिनं हार हातातल्या हातात उलटा केला, मागची बाजू जरा बरी होती ती पुढे घेतली, आणि घातला. टाळ्या, अक्षता, वाजंत्री. कुणाला काही कळलं नाही. तिला कळलं आणि मला कळलं. रात्री तिच्या वडिलांनी उरलेले सगळे पैसे पाकिटात घालून दिले, वर ‘ताई, जेवून जा’ म्हणाले. मी पाकीट घेतलं. आजही मला हारापेक्षा ते पाकीट जास्त सलतं.

त्या रात्री परत येताना ठरवलं ते ठरवलं. एका तारखेला एकच लग्न.

आता पैसे, कारण तू खरं त्यासाठीच आली होतीस. फुलं ठेवायला जुना व्हिसी कूलर, म्हणजे काचेच्या दाराचा फ्रीज, घेतलास, त्याचा हप्ता आहे, कळतंय. माझ्या वहीतलं एक साधं काम मांडते. पार्टीनं दिले ९०,०००. फुलं ३८,०००, कारागीर १४,०००, टेम्पो ६,०००, फोम-कापड-सांगाड्याचं भाडं ८,०००, आणि कार्यालय बाहेरच्या डेकोरेटरकडून घेतं ते १०,०००. राहिले १४,०००. वर्षात अशा तीस तारखा मिळाल्या तर ४,२०,०००. यात बंगला होत नाही, पण हप्ता फिटतो. चातुर्मासात गणपतीची आरास आणि पूजा कर, त्यात कसला कमीपणा?

तीन घेतलीस तर चौदाचे बेचाळीस होतील असं तुझं गणित. होत नाहीत. मार्केट यार्डात त्या पहाटे तूच तिप्पट माल मागणार, तोही भाव चढलेला असताना. वीस नगांची गुलाबाची गड्डी उघडून बघायलाही वेळ नसणार, म्हणजे आतली चार फुलं मोडकी निघाली तरी घेतलीस. माल दुपारी आला की कात्रीनं देठ तिरके कापून तीन-चार तास पाण्यात उभा करावा लागतो. त्या बादल्या ठेवायला तुझ्याकडे एकच खोली आहे. कारागीर त्या रात्री दीडपट मागतो. शेवटी तिघांपैकी एक पार्टी काहीतरी राहिलं म्हणून पैसे कापते, आणि बरोबरच असते.

हा हिशेब मी माझ्या सोयीनं मांडतेय असं तुला वाटेल. थोडा मांडतेय. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आज एका तारखेला पाच लग्नं करतो. कात्रजकडे गोडाऊन आहे, तीन टेम्पो आहेत. आणि त्याची लग्नं पडत नाहीत, हेही खरं सांगते. नीट होतात. स्टेजची अर्धी फुलं कापडी असतात, त्यांना पाणी लागत नाही, ती वर्षभर पेटीत राहतात. गेल्या वर्षी कुठल्याशा लग्नात भेटला, पाया पडला, म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही अजून स्वतः यार्डात जाता?’ पहाटे साडेचारला पुरंदरचा झेंडू हातात घेऊन दाबून बघायची मला हौस नाही रे, असं म्हणणार होते. म्हणाले नाही, कारण हौस आहे. मत्सर वाटतो का? वाटतो. टेम्पोचा वाटतो, कापडी फुलांचा नाही.

तुला त्याच्यासारखं व्हायचं असेल तर खुशाल हो. त्यात पाप नाही. पण मग त्याच्याकडे जा, तो छान शिकवेल. माझ्याकडे येऊन ‘मावशी, तिन्ही घेऊ का’ विचारायचं, आणि मी ‘घे बाई’ म्हणावं अशी वाट बघत बसायचं, हे मला जमत नाही. तुला नको असलेलं उत्तर टाळायला तू आणखी कुणाकडे जाणार आहेस?

माझ्या या नियमाला हसणारेही आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारनं लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असं बंधन घातलं. तेव्हा एका घरातल्या हॉलमधल्या लग्नाला माझं काम होतं दोन हार, एक वेणी आणि मुंडावळ्या. त्याच दिवशी पलीकडच्या सोसायटीतून आणखी दोन हारांची विचारणा आली. मी नाही म्हटलं. नवरा म्हणाला, ‘चार हार ओवायला तुला दोन दिवस लागतात का?’ घरात वर्षभर पैसा नव्हता. अर्धा दिवस हात रिकामे घेऊन बसले, पण नाही म्हटलं ते म्हटलं. हा शहाणपणा होता का? आता विचारशील तर सांगता येत नाही. त्याला हट्टच म्हण. पण एकदा चार हारांसाठी मोडला असता, तर पुढे चाळीस हजारांसाठी मोडायला मला किती वेळ लागला असता?

आणि एक तुला सांगायचं की नाही यावर दोन दिवस घातले. माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा त्या तारखेला माझ्या वहीत आधीच एक नाव होतं. अनोळखी माणसं, हडपसरची. बहीण म्हणाली, ‘त्यांना सांग ना, दुसरं कुणी बघा.’ चार महिने हातात होते. सहज सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. एक म्हणजे एक, आणि आधी आलेलं ते एक. भाचीचे हार आदल्या रात्री ओवून पाठवले, अक्षता टाकायला गेले नाही. तिचे फोटो मी फोनवर पाहिले, हडपसरला कार्यालयाच्या मागच्या पायरीवर बसून, हाताला निशिगंधाचा चीक लागलेला. बहीण बोलते माझ्याशी. त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

नियम चुकीचा नव्हता. मी तो तिथं लावायला नको होता, एवढंच. किंवा कदाचित मी तो कुठंही मोडू शकले नाही, म्हणून आज तुला एवढ्या जोरात सांगतेय. तू ठरव.

तिघांत सगळ्यात आधी कुणी विचारलं ते बघ. तेच घे. बजेट कुणाचं मोठं ते बघू नकोस. बाकी दोघांना आजच फोन कर, उद्यावर ढकललंस की ऑक्टोबर उजाडेल आणि तेव्हा त्यांना दुसरं कुणी मिळणार नाही. हवं तर त्यांना कात्रजच्या त्या मुलाचा नंबर दे. माझ्याकडे आहे, पाठवते.

आणि गुरुवारी पहाटे यार्डात ये. साडेचारला फुलबाजाराच्या दाराशी असेन. एका पूजेसाठी शेवंती घ्यायची आहे, तेवढीच.

तुझी,
मावशी