पायलट कमी पडतात ते नेमके कुठे?

विमान कंपन्यांत पायलटांचा तुटवडा आहे, असं दर दोन-चार वर्षांनी छापून येतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. फ्लाइंग स्कूलच्या सेमिनारमध्ये सांगितलं की देशाला ३० हजार पायलट हवेत, लायसन्स हातात आलं की नोकरी पक्की. जमीन विकून पैसे उभे करावेत का?
— एक पालक, सांगली

उत्तर : ३० हजारांचा आकडा खोटा नाही, केंद्रीय मंत्र्यांनीच तो सांगितलेला आहे. पण तो १५ ते २० वर्षांचा आहे, आणि सेमिनारमध्ये नेमकं हेच गाळतात. भागाकार करून पाहा. वर्षाला दीड ते दोन हजार पायलट लागतील. देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने २०२३ या एका वर्षात १,६२२ कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, दिले. परदेशात ट्रेनिंग करून इथलं लायसन्स घेतलेलेही त्यात आले. म्हणजे नव्या लायसन्सधारकांचा पुरवठा आजच गरजेच्या जवळ आहे.

जागतिक आकड्यांचंही तसंच. पुढच्या २० वर्षांत लागणाऱ्या पायलटांचा अंदाज बोइंग दरवर्षी काढते. २०१७ मध्ये तो ६,३७,००० होता, २०२४ मध्ये ६,७४,०००. मधल्या काळात कोविडने जगभरातले हजारो पायलट घरी बसवले, तरी आकडा जवळपास तिथेच. कारण हा गरजेचा अंदाज आहे. किती पायलट तयार होतील, हे त्यातून वजा केलेलं नसतं. शिवाय ऑर्डर दिलेली विमानं ठरल्या वेळी येतील आणि उडतील, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या दोषामुळे इंडिगोची डझनावारी विमानं जमिनीवर उभी राहिली, आणि गो फर्स्ट ही विमान कंपनी तर मे २०२३ मध्ये बंदच पडली. तिचे पायलट त्याच आठवड्यात नोकरीच्या बाजारात उतरले.

खरी अडचण वेळेची आहे. सीपीएलला दीड-दोन वर्षं लागतात, मग टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याचं वेगळं प्रशिक्षण, मग कंपनीच्या भरतीची वाट. तेजी पाहून आज पैसे भरणारा मुलगा तयार होईपर्यंत बाजार फिरलेला असू शकतो. २००६ ते २००८ च्या तेजीत शिकायला गेलेल्यांचं हेच झालं. ते लायसन्स घेऊन बाहेर पडले तेव्हा मंदी होती, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडल्यावर अनुभवी पायलटही त्यांच्याच रांगेत येऊन उभे राहिले. २०१९ मध्ये जेट एअरवेजच्या वेळी पुन्हा तेच.

म्हणून आमचं स्पष्ट मत : लायसन्सनंतर दोन-तीन वर्षं पगार नसला आणि वर टाइप रेटिंगचा लाखांत जाणारा खर्च आला, तरी घर चालेल अशी तजवीज असेल तरच या वाटेला जा. एकुलती जमीन यासाठी विकू नका. मुलीला विमान उडवायचंच असेल तर फी भरण्याआधी डीजीसीएच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांकडून क्लास टू मेडिकल आणि त्यानंतर क्लास वन करून घ्या. काही हजारांत कळतं की रंगदृष्टी, कान, हृदय यांत अडसर आहे का. फीचे पहिले हप्ते भरून झाल्यावर मेडिकलला नापास होणारी मुलं दरवर्षी दिसतात.

स्कूल निवडताना विमानं किती हे विचारू नका. आज उडण्याच्या स्थितीत किती, विद्यार्थी किती आणि इन्स्ट्रक्टर किती, हे विचारा. गेल्या बॅचला सीपीएलसाठी लागणारे उड्डाणाचे २०० तास पुरे व्हायला किती महिने लागले, ते त्या बॅचच्या मुलांकडूनच ऐका. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, कुठेही जा, जून ते सप्टेंबर ढग आणि कमी दृश्यमानता यांमुळे उड्डाणं मंदावतात. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्सचे पेपर पावसाळ्यात उरकणारी मुलं पुढे सुटतात.

प्रश्न : पुरवठा पुरेसा असेल तर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं का रद्द झाली? पुण्याच्या विमानतळावर लोक रात्रभर बसून होते.
— एक प्रवासी, पुणे

उत्तर : कारण तिथे कॅप्टन कमी पडले. संसदेत दिलेल्या आणि तेव्हा छापून आलेल्या आकड्यांनुसार पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांप्रमाणे इंडिगोच्या एअरबस ताफ्याला २,४२२ कॅप्टन हवे होते, होते २,३५७. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, हवे होते २,१५३ आणि होते २,१९४. कॅप्टन ६५ कमी, को-पायलट ४१ जास्त. देशातल्या पायलट-तुटवड्याचं याहून नेमकं चित्र सापडणार नाही.

तूट पावणेतीन टक्क्यांचीही नाही, मग ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द कशी होतात? एका विमानाचा दिवस पाहा. पहाटे पुणे-दिल्ली, मग दिल्ली-नागपूर, नागपूर-मुंबई, मुंबई-गोवा, रात्री परत. दिल्लीच्या धुक्यात दोन तास गेले की कॅप्टनची ड्यूटीची मर्यादा मुंबईतच संपते. तिथे स्टँडबाय, म्हणजे राखीव, कॅप्टन असेल तर विमान पुढे जातं. नसेल तर गोव्याची फेरी रद्द होते, आणि गोव्यातून ज्या क्रूने ते विमान घ्यायचं तो क्रू तिथे अडकतो. दुसऱ्या दिवशी तो क्रू हव्या त्या गावी नसतो. ६५ ची तूट स्टँडबायमधूनच भरून काढलेली असते, त्यामुळे पहिल्या धक्क्यालाच उशी उरत नाही.

नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून सलग ४८ तास झाली. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत गेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. थकलेला पायलट हा प्रवाशाच्या जिवाशी खेळ आहे, त्यामुळे हे नियम आम्हाला रास्तच वाटतात. ते जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते, म्हणजे कंपनीच्या हातात जवळपास दोन वर्षं होती. तरी हिवाळी वेळापत्रकात उड्डाणं वाढवली गेली. शेवटी इंडिगोला नियमातून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट द्यावी लागली आणि कंपनीची उड्डाणं १० टक्के कमी करायला सांगावं लागलं.

को-पायलटला कॅप्टनच्या खुर्चीत का बसवत नाहीत, असंही अनेकांनी विचारलं आहे. त्याला आधी एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, हवं. त्यासाठी १,५०० तास आणि वेगळ्या परीक्षा. त्यावर कंपन्या आणखी तास मागतात, मग सिम्युलेटर, मग ट्रेनर कॅप्टनच्या नजरेखाली प्रत्यक्ष फेऱ्या. कॅप्टनची खुर्ची डावी, को-पायलटची उजवी. या फेऱ्यांत ट्रेनर उजव्या खुर्चीत बसतो, म्हणजे एक कॅप्टन घडवायला दुसरा कॅप्टन रोस्टरमधून, म्हणजे ड्यूटीच्या यादीतून, निघतो. तूट पडल्यावर बढत्या सुरू केल्या की पहिले काही महिने तूट वाढतेच.

एका विमानाला किती पायलट लागतात याचा ढोबळ हिशेबही देतो. छोट्या पल्ल्याचं विमान दिवसाला १२-१३ तास उडतं, म्हणजे वर्षाला साडेचार हजार तासांच्या आसपास. पायलटला वर्षात १,००० तासांच्या वर उडता येत नाही. रजा, ट्रेनिंग, आजारपण धरून हाती येतात साधारण साडेसातशे. म्हणजे सहा जोड्या, १२ पायलट, आणि स्टँडबाय वेगळे. विश्रांती वाढली की हे साडेसातशे तास घटतात आणि एकही नवं विमान न येता पायलट कमी पडतात.

प्रश्न : आपली मुलं बेकार असताना परदेशी पायलट का आणतात?
— नाशिक

उत्तर : येतात ते बहुतेक कॅप्टन, डीजीसीएच्या तात्पुरत्या परवानगीवर. २०० तासांच्या मुलाची जागा त्यांनी घेतलेली नसते. उलट डाव्या खुर्चीत कुणी बसलं तरच उजवी खुर्ची भरते.

प्रश्न : अमेरिकेत तरी खरा तुटवडा आला होता का? भाचा तिथे रिजनल एअरलाइनमध्ये आहे.
— ठाणे

उत्तर : आला होता, पण भाकीत झालं त्या वेळी नाही. साठीला निवृत्त होणारे पायलट मोठ्या संख्येने बाहेर पडतील म्हणून वर्षानुवर्षं इशारे दिले जात होते. डिसेंबर २००७ मध्ये कायद्याने वय ६५ केलं आणि निवृत्त्या पाच वर्षं पुढे गेल्या. लगेच मंदी आली.

फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळून जमिनीवरच्या एकासह ५० जण गेले. त्यानंतरच्या कायद्यामुळे २०१३ पासून को-पायलटलाही बहुधा १,५०० तास लागू लागले. विद्यापीठातून किंवा सैन्यातून आलेल्यांना काही सवलत आहे. त्या अपघातातल्या दोघा पायलटांचे तास १,५०० च्या वर होते, म्हणून या नियमावर आजही वाद होतो. पण पुरवठ्याची वाट त्याने लांबली हे खरं.

कोविडमध्ये मोठ्या कंपन्यांनी ज्येष्ठांना पैसे देऊन निवृत्त केलं. प्रवासी परतले तेव्हा त्यांनी रिजनल, म्हणजे छोट्या शहरांना जोडणाऱ्या, कंपन्यांतले पायलट उचलले. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने सरकारी अनुदानावरच्या २९ छोट्या गावांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या तिन्ही रिजनल कंपन्यांनी मुदतीच्या भत्त्यासह नवख्याचा पगार तासाला ९० डॉलरवर नेला. पगार वाढताच अर्जांचा ओघ सुरू झाला. दोन वर्षांत चित्र उलटलं : २०२४ मध्ये बोइंगची विमानं वेळेवर येईनात म्हणून युनायटेडने पायलटांना बिनपगारी रजेबद्दल विचारलं, साउथवेस्टने भरती थांबवली, स्पिरिटने पायलटांना घरी बसवलं. रिजनलमध्येही अडचण कॅप्टनचीच होती. तिथे कॅप्टन व्हायला एअरलाइनमधले १,००० तास लागतात, आणि ते भरत आले की मोठी कंपनी माणूस उचलते. भाच्याला म्हणावं, बढतीची पहिली संधी सोडू नको.

प्रश्न : सीपीएल होऊन दीड वर्ष झालं. एजंट म्हणतो, ए-३२० चं टाइप रेटिंग स्वतः करून ठेव, कॉल येईलच.
— नागपूर

उत्तर : नोकरीचं लेखी पत्र हातात नसताना करू नका. ए-३२० हे एअरबसचं विमान. कंपनी बोइंगची विमानं उडवणारी निघाली तर ते वाया. ए-३२० उडवणारीच निघाली आणि मध्ये वर्ष गेलं, तर सिम्युलेटर चेक जुना झालेला असतो आणि त्याचा खर्च पुन्हा तुमच्याच माथी. त्यापेक्षा क्लास वन मेडिकल आणि मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) चालू ठेवा. भरतीची जाहिरात आठवडाभरासाठी येते आणि यातलं काही संपलेलं असेल तर अर्जच बाद होतो. दर महिन्याला थोडं तरी उडत राहा, कारण निवडीत अलीकडचे तास पाहतात. जमल्यास असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग करा. फ्लाइंग स्कूलना इन्स्ट्रक्टर सतत हवे असतात, आणि तिथे तास वाढतात ते पैसे मिळवत. अर्ज करताना एटीआर ही पंख्यांची छोटी विमानं चालवणाऱ्या कंपन्याही धरा. अलायन्स एअर आहे, गोव्यातल्या मोपाहून चालणारी फ्लाय नाइन्टी-वन आहे. तिथला पगार कमी असतो, पण दिवसाला चार-पाच छोट्या फेऱ्या होतात आणि एटीपीएलचे १,५०० तास तिथेही तेवढेच मोजले जातात.