रेड १ असताना बॅकअपवर वेगळा खर्च करावा का?

ऑफिससाठी पहिलाच सर्व्हर घेताय, कोटेशनमध्ये ईसीसी रॅम, रेड १, हॉट स्वॅप, रिडंडंट पॉवर सप्लाय असं लिहून आलंय. त्याचा अर्थ काय आणि रेड १ असताना बॅकअपवर खर्च करावा का, हा तुमचा प्रश्न. शेवटचं आधी सांगतो: करावाच. त्यासाठी कोटेशनमधलं दुसरं काही कापावं लागलं तरी कापा.

रेड १ म्हणजे दोन डिस्क जोडून एकाच डेटाच्या दोन प्रती ठेवणं. त्यात जे लिहाल ते दोन्ही डिस्कवर जातं. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालू राहतं. पण जे पुसाल तेही दोन्हीकडे पुसलं जातं.

मी जिथे सर्व्हर सांभाळायचो तिथल्या साहेबांशी याच मुद्द्यावर माझं वाजायचं. बॅकअपसाठी बाहेरची डिस्क मागितली की उत्तर ठरलेलं: "अरे, डेटा दोन ठिकाणी आहे ना? मग तिसरी कशाला?" लेखी मागणी दिली, तीही तशीच परत आली. मग एका संध्याकाळी बिलिंगचं सॉफ्टवेअर बघणाऱ्या माणसाने जुन्या नोंदी काढायला डिलीटची कमांड चालवली आणि तारखेची अट घालायची राहिली. बिलांचं अख्खं टेबल रिकामं. साहेब स्वतः सर्व्हर रूममध्ये आले. दोन्ही डिस्कचे दिवे हिरवे, रेड कंट्रोलरच्या, म्हणजे डिस्कची जोडी सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, स्क्रीनवर ॲरेची (त्या जोडीची) अवस्था 'ऑप्टिमल', म्हणजे सगळं ठीक. "दोन्ही चालू आहेत, मग डेटा गेला कुठे?" हेच विचारत राहिले. त्यांच्या सांगण्यावरून एक डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. तिथेही तेच रिकामं टेबल. पुढे कित्येक दिवस लेखा विभागातल्या मॅडम छापील बिलांच्या फायली उघडून एकेक बिल पुन्हा टाइप करत होत्या.

माझा राग त्यानंतरच्या गोष्टीवर आहे. अहवालात कारण लिहिलं 'रेड कंट्रोलरमध्ये बिघाड', आणि धडधाकट कंट्रोलर बदलला गेला. बॅकअपची डिस्क तेव्हाही मंजूर झाली नाही! कंट्रोलरने सांगितलेलं काम चोख केलं होतं. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली तीच मुळी बऱ्याच स्वस्त डिस्क जोडून मोठ्या महाग डिस्कचं काम करून घ्यायचं आणि एखादी बिघडली तरी डेटा शाबूत ठेवायचा, यासाठी. माणसाच्या हातून पुसलेलं परत आणणं हे तिचं कामच नाही. रॅन्समवेअरचंही, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचंही, तेच: फाइली कुलूपबंद होतात त्या दोन्ही डिस्कवर.

बाकीचं थोडक्यात. ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका पकडणारी रॅम, घ्याच. डीडीआर४ प्रकारच्या रॅममध्ये ती ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवते. एक बिट उलटला तर जागीच दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं. मात्र रजिस्टर्ड आणि अनबफर्ड हे रॅमच्या पट्ट्यांचे दोन प्रकार एकत्र चालत नाहीत, त्यामुळे मदरबोर्डला कोणती रॅम चालते त्या यादीत बघूनच ऑर्डर द्या. रिडंडंट पॉवर सप्लाय म्हणजे एक बंद पडला तरी मशीन चालावं म्हणून दोन पॉवर सप्लाय. पण दोन्हींच्या वायरी एकाच यूपीएसला लावल्या तर तो यूपीएस गेल्यावर दोन्ही बंद. हॉट स्वॅप म्हणजे मशीन चालू ठेवून डिस्क बदलता येते. चुकून चांगली डिस्क ओढू नका.

नुसता शिकण्यासाठी सर्व्हर असेल तर ईसीसी नसली तरी चालेल. आणि रेड नकोच असं मी म्हणत नाही, डिस्क मेल्यावर ऑफिस थांबत नाही ते त्याच्यामुळेच. फक्त रेड ० च्या वाटेला जाऊ नका, त्यात डेटा तुकड्यांनी डिस्कवर वाटलेला असतो, एक डिस्क गेली की सगळंच जातं.

तुमचेही साहेब ऐकत नसतील तर खरा डेटा टाकायच्या आधी त्यांना समोर बसवा. एक फाइल बनवा, एक डिस्क ओढून काढा, फाइल उघडून दाखवा. डिस्क परत लावा, रीबिल्ड (तिच्यावर डेटाची प्रत पुन्हा तयार होणं) पूर्ण होऊ द्या. मग ती फाइल डिलीट करा आणि साहेबांनाच विचारा, आता ती कोणत्या डिस्कवरून आणायची. बॅकअपच्या मागणीचा कागद तेव्हाच सहीसाठी पुढे करा.