दूध सोडलं, तरी साखर का चढते?

मधुमेहाबद्दलची पत्रं या सदरात नेहमीच येतात. अलीकडे त्यांत दूध, दही, तूप, अंडी, मटण सगळं सोडून व्हीगन झालेल्यांचे प्रश्न वाढले आहेत. दूध-कट्टा आणि तांबडा-पांढरा रस्सा यांच्या कोल्हापुरात हा निर्णय सोपा नसतो. तो घेतलाच आहे, तर अंगी लागावा, म्हणून या अंकात हेच प्रश्न घेतले आहेत.

वय ५२, वजन ६८ किलो. मधुमेहाला सहा वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. अडीच महिन्यांपूर्वी व्हीगन झालो. सकाळी कोरा चहा आणि पोहे, दुपारी-रात्री दोन-दोन भाकरी, आमटी, भाजी, भात, संध्याकाळी चिरमुरे. वजन दोन किलो उतरलं, पण जेवणानंतरची साखर १९० वरून २४० वर गेली. असं का व्हावं? — मंगळवार पेठ

तुमच्या ताटातून दूध, दही, मटण गेलं, पण त्यांच्या जागी काहीच आलं नाही. ती भूक भाकरी, भात आणि चिरमुऱ्यांनी भागवली. एका जेवणाचा हिशोब मांडून बघा. आपल्याकडची हातावर थापलेली भाकरी साधारण ६० ग्रॅम पिठाची असते. तिच्यात ४२ ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ येतात, म्हणजे दोन भाकऱ्यांचे ८४. त्यावर वाटीभर भाताचे ४०. एका बैठकीत सव्वाशे ग्रॅम झाले. उलट, पातळ आमटीच्या वाटीत डाळ असते जेमतेम १०-१२ ग्रॅम, तिच्यातून प्रथिनं मिळतात अडीच ग्रॅम. आमटी खाल्ली म्हणजे डाळ खाल्ली, हा समज इथेच नडतो.

पाच-सात दिवस स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवा. पीठ, तांदूळ, कडधान्य सगळं कोरडं असतानाच मोजा. एकदा नजर बसली की काटा लागत नाही. भाकरी ५० ग्रॅम पिठाची करा. दुपारी दीड, रात्री एक. भाकरी खाल्ली त्या वेळी भात नको. उसळ ४० ग्रॅम कोरड्या कडधान्याची आणि घट्ट, पळीवाढी. मटकी, हरभरा, चवळी, हुलगे, पावटा आलटून पालटून घ्या. भाजी दोन वाट्या, त्यात बटाटा-रताळं नको. काकडी किंवा मुळ्याची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, दह्याऐवजी लिंबू पिळून.

कडधान्यातही पिष्ट असतं, ४० ग्रॅममध्ये २२-२४ ग्रॅम. पण त्यातल्या तंतूंमुळे आणि प्रथिनांमुळे ते सावकाश पचतं, साखर एकदम उसळत नाही. म्हणून भाकरी कमी करून उसळ वाढवायची. भाकरी तेवढीच ठेवून वर उसळ घेतली, तर साखर चढणारच.

प्रथिनं वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम धरा. ३० ग्रॅम सोया वड्यांतून १५, वाटीभर उसळीतून ९, सकाळच्या ४० ग्रॅम मुगाच्या धिरड्यांतून ९, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७, शंभर ग्रॅम टोफूतून १० आणि अडीच भाकऱ्यांतून १२. बेरीज साठीच्या पुढे जाते. पण आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल, तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत. ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील.

पोह्यांऐवजी धिरडी आणि चिरमुऱ्यांऐवजी फुटाणे, एवढा बदल आजच करता येईल. ६० ग्रॅम पोह्यांत ४५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं आणि ते झटकन पचतं. जेवताना आधी कोशिंबीर, भाजी, उसळ खा. भाकरी अर्ध्या जेवणानंतर हाती घ्या. जेवून उठलात की पंधरा मिनिटं चाला.

पोट फुगतं म्हणून पुष्कळ जण पंधरवड्यातच उसळ सोडतात. कारण एवढंच, की सवय नसताना एकदम वाटीभर खाल्लेली असते. पहिल्या आठवड्यात पाव वाटी, दुसऱ्यात अर्धी, असं वाढवत न्या. कडधान्य भिजवलेलं पाणी फेकून द्या, मोड आणा, मऊ शिजवा, फोडणीला हिंग-ओवा घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्लिमेपिराइड पोटात काय गेलं ते न बघता इन्शुलिन स्रवायला लावतं. भाकरी-भात घटवलात आणि गोळी तीच राहिली, तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. त्यामुळे बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा, पहिले दोन आठवडे उपाशीपोटी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजून लिहून ठेवा, आणि सकाळचा आकडा १०० च्या खाली उतरू लागला की तोच कागद घेऊन डोसबद्दल विचारा. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. ज्यांना टाइप १ मधुमेह आहे, त्यांचं इन्शुलिन कुठल्याही आहारानं सुटत नाही, हेही इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

आईला मधुमेह आहे. तिला दुधाचा चहा सोडवत नाही. बाजारातली वनस्पतिजन्य दुधं महाग पडतात. घरी केलेलं सोयाबीनचं दूध उग्र लागतं आणि चहात फाटतं. — कसबा बावडा

उग्र वास येतो तो भिजलेलं सोयाबीन गार पाण्यात वाटल्यामुळे. दाणा फुटला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) तेलावर काम करू लागतं आणि हिरवट वास तयार होतो. उकळतं पाणी घालून वाटलं, तर ते विकर तिथेच निकामी होतं.

१०० ग्रॅम सोयाबीन आठ-दहा तास भिजवा, उन्हाळ्यात मधे एकदा पाणी बदला. हातानं चोळून सालं काढा आणि ते पाणी फेका. ८०० मिलिलिटर पाणी उकळून त्यातलं थोडं-थोडं घालत बारीक वाटा. मिक्सरचं भांडं स्टीलचंच घ्या, अर्ध्याच्या वर भरू नका आणि झाकण फडक्यानं दाबून धरा, नाहीतर वाफेनं उडतं. मलमलीतून पिळून गाळा आणि मोठ्या पातेल्यात तापवा. उकळी येण्याआधीच फेस भराभर वर येतो. तिथे लोक फसतात आणि झालं म्हणून गॅस बंद करतात. आच मंद करा, फेस बसू द्या आणि खरी उकळी फुटल्यावर ढवळत दहा-पंधरा मिनिटं उकळा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो या उकळण्यानं बराचसा जातो. कच्चं राहिलं की पोट बिघडतं. साधारण पाऊण लिटर दूध निघतं. चोथा टाकू नका. धिरड्यात, थालिपिठात मावतो.

चहात ते फाटतं, कारण चहा कडक आणि आंबटसर असतो आणि दूध गार. चहा कमी कडक ठेवा, खाली उतरवून दोन मिनिटं थांबा, मग गरम केलेलं दूध घाला. घातल्यावर पुन्हा उकळू नका.

विकत घ्यायचंच झालं तर वेष्टणावर ‘साखर न घातलेलं’ असं आहे ना ते बघा. ओट्सच्या दुधात वरून साखर नसली तरी बनवतानाच पिष्टाची माल्टोज साखर होते. बदामाच्या बहुतेक दुधांत साखर कमी, पण प्रथिनंही नावापुरतीच. आईसाठी सोयाच बरं. बिस्किटं घेताना हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो शाकाहाराचा आहे, त्यात दूध-तूप चालतं. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनुसार इंग्रजी व्ही या अक्षराचं वेगळं हिरवं चिन्ह आहे.

एक उणीव लक्षात ठेवा. म्हशीच्या किंवा गाईच्या कपभर दुधातून दोनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, घरच्या सोया दुधातून त्याच्या चौथाईएवढंही नाही. ते तीळ, नाचणी, मेथी, मुळ्याचा पाला यांतून भरून काढावं लागेल. पालकात कॅल्शियम दिसतं खरं, पण त्यातल्या ऑक्झलेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे ते अंगी फारसं लागत नाही.

नाचणी मधुमेहाला चांगली म्हणून रोज सकाळी मोठा पेला आंबील घेतो, ताकाऐवजी नुसतं पाणी घालून. दोन तासांनी साखर २१०. — गडहिंग्लज

नाचणी चांगलीच आहे. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही. पण पिष्ट ज्वारीइतकंच आहे, आणि बारीक पीठ पाण्यात शिजवून पातळ केलं की चावायलाही लागत नाही, पचायलाही वेळ लागत नाही. ताकानं जो थोडाफार अटकाव होत होता तोही गेला. तेच पीठ भाकरीत घाला, सोबत हुलग्याची उसळ किंवा झुणका घ्या, आणि आकडा पुन्हा मोजा. पावसाळ्यात आंबील हवीच असेल, तर २० ग्रॅम पिठाची, जेवणाच्या शेवटी.

तुमच्या भागातल्या आजरा घनसाळबद्दलही विचारलं आहे. वास कितीही छान असला तरी तो तांदूळ आहे. ३० ग्रॅम कोरडा तांदूळ, दुप्पट भाजी आणि घट्ट वरण, असा तो ताटात बसतो.

साखरेऐवजी सेंद्रिय गूळ चालतो का? — कागल

नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे, पण त्यातला बहुतेक भाग साखरच आहे. लोह आणि खनिजं चमचाभर गुळातून नगण्य मिळतात. काकवीचंही तेच.

आठ वर्षं मेटफॉर्मिन, तीन वर्षं व्हीगन. तळपायाला मुंग्या येतात. मधुमेहामुळे असंच होतं म्हणतात. — राजारामपुरी

मधुमेहामुळे होतं हे खरं. पण तेवढंच कारण मानून गप्प बसू नका. बी१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही हुबेहूब अशाच मुंग्या येतात आणि तुमच्याकडे तिची दोन कारणं एकत्र आली आहेत. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानं बी१२ कमी शोषलं जातं, आणि व्हीगन आहारात ते मुळात नसतंच. मोडाची कडधान्यं, इडलीचं आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना, यांतून मिळतं अशी समजूत आहे. त्यावर विसंबून राहिलेल्यांच्या नसा खराब होतात.

या आठवड्यात रक्तातलं बी१२ तपासा. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० संशयाची पातळी. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. पालेभाज्या-डाळींतून फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर मिळत असल्यानं पंडुरोग दिसतही नाही आणि नसांचं नुकसान मात्र आत चालू राहतं. कमतरता निघाली तर इंजेक्शन की गोळी, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. उशीर झाला तर नसा पूर्ववत होतीलच असं नाही, म्हणून घाई करा. कमतरता नसलेल्या व्हीगन मंडळींनीही रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम बी१२ कायम घ्यावं. कॅप्सूलचं आवरण पुष्कळदा जिलेटिनचं म्हणजे प्राणिजन्य असतं, तेव्हा साधी गोळी मागा.

आणखी एक, जे अहवालावर लिहिलेलं नसतं. बी१२ किंवा लोह कमी असेल तर एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. त्या एका आकड्यावर औषध वाढवण्याआधी घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदीही डॉक्टरांपुढे ठेवा.

मिसळ पूर्ण बंद करायची का? — शिवाजी पेठ

कशाला? मटकीची उसळ हा तिचा गाभा आहे आणि तो तुमच्या उपयोगाचाच आहे. उसळ दुप्पट, फरसाण दोन चमचे, वर कांदा-लिंबू भरपूर. कटाची तर्री साखर वाढवत नाही, वजन वाढवते. खरी अडचण स्लाइस ब्रेडची. दोन स्लाइसचे २५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट, तेही मैद्याचं. एकच घ्या, किंवा घरी केलीत तर अर्धी भाकरी. सोबतचं दही व्हीगनांनी टाळायचं, हे वेगळं सांगायला नको.

घरात अंबाबाईचं नवरात्र असतं, नऊ दिवस उपवास धरते. डापाग्लिफ्लोझिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. दूध नाही, तर साबुदाण्यावरच भागवावं लागतं. — महाद्वार रोड

साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, त्यावर नऊ दिवस काढू नका. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी, एवढ्यावर दोन वेळा नीट भागतं. वरी ३० ग्रॅमच्या वर नको.

औषधांचा प्रश्न आहारापेक्षा मोठा आहे. डापाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असताना उपाशी राहिलात किंवा पिष्ट अगदीच तोडलंत, तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, ही लक्षणं दिसली की पित्त समजून घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा. ही गोळी उपवासात किती दिवस थांबवायची आणि ग्लिमेपिराइड किती कमी करायचं, हे घटस्थापनेच्या आधी आठवडाभर तरी विचारून घ्या.

थरथर, घाम, घाबरल्यासारखं झालं की लगेच साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर उपवास त्या क्षणी सुटला असं समजा. तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. आकडा वर आला की राजगिऱ्याची अर्धी भाकरी आणि मूठभर शेंगदाणे खा. अशा वेळी शेंगदाण्याचा लाडू आधी तोंडात टाकू नका, त्यातल्या तेलामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. घरच्यांना ग्लुकोजचा डबा कुठे ठेवलाय ते दाखवून ठेवा. तुम्ही शुद्धीत नसाल तर मात्र त्यांनी तोंडात काहीही घालू नये, तुम्हाला कुशीवर वळवून रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा.