स्टारड्यू व्हॅलीसारखे निवांत गेम लोकांना एवढे का आवडतात?

कारण त्यात हरायचं टेन्शनच नाही. स्टारड्यू व्हॅली २०१६ चा, एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवलेला, आजोबांचं पडीक शेत मिळतं आणि पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं, शेती करा, मासे पकडा नाहीतर खाणीत उतरा. एखाद्या दिवशी पाणी घालायचं राहिलं तरी पीक मरत नाही, फक्त त्या दिवसाची वाढ थांबते, हे मला फार भारी वाटतं. गेममधला दिवस साधारण १४ मिनिटांचा, त्यामुळे जेवणानंतर मोबाईलवर एक दिवस खेळून ठेवून देता येतो. एकदा विकत घेतला की जाहिरातींची कटकट पण नाही. फक्त सुरुवातीलाच यूट्यूबवरचे जास्त पैसे कमवायचे व्हिडिओ बघू नका, सगळी मजा जाते.