इतवारीला गुरुवारी कसं गेलात?

लाडक्या चिकू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आजी मला इतवारीला घेऊन गेली, पण तेव्हा तर गुरुवार होता ना?" तेवढ्यात फोन कटला, म्हणून हे पत्र. अडलं तर आजीकडून वाचून घे.

इतवार म्हणजे रविवार. जुन्या नागपुरात ज्या भागात ज्या वारी बाजार भरायचा, त्याच वाराचं नाव त्या भागाला पडलं. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. मी तुझ्याएवढी असताना माझ्या आजीचा हात धरून तिथल्या भांड्यांच्या ओळीत जायची. ती पितळेचं गुंड बोटाच्या पेराने वाजवायची, कान लावून ऐकायची आणि मगच भाव विचारायची. तोही हिंदीत! पुण्यात रविवार पेठ आहे, आपल्याकडे मात्र 'इतवारी', कारण नागपूरच्या तोंडी दोन्ही भाषा आहेत. १७०२ च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहाने बारा खेडी जोडून हे शहर वसवलं. त्याची राजधानी देवगड आज मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात आहे. त्याने ठिकठिकाणचे शेतकरी, कारागीर, व्यापारी इथे बोलावून आणले. पुढे भोसले आले, त्यांच्यासोबत मराठी माणसं आली. भोसले राहायचे तो भाग म्हणजे महाल.

आपल्या सीताबर्डी भागाचं नाव शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन भावांवरून पडलं, असं सांगतात.

आणि 'नागपूर'? ते नाग नदीवरून. पण हे नाव राजाच्याही कितीतरी आधीचं आहे बरं! वर्धा जिल्ह्यात देवळीला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट सापडला. तो शके ८६२ चा, म्हणजे इसवी सन ९४० चा. त्यात 'नागपूर-नंदिवर्धन' असा उल्लेख आहे. हजार वर्षांहून जुना शब्द तू रोज पत्त्यात लिहितोस! नंदिवर्धन म्हणजे आजचं रामटेकजवळचं नगरधन. १९५६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षेसाठी नागपूरच का निवडलं, हे सांगताना इथल्या नाग लोकांची आठवण काढली होती. बौद्ध धर्म पसरवणारे ते लोक, असं ते म्हणाले. दीक्षाभूमीवर गेलास की हे आठव.

ही नाग नदी पश्चिमेला लावा गावाजवळच्या टेकडीकडून निघते आणि शहराच्या मधून वाहते. आता तिचं पाणी काळं झालंय आणि लोक सरळ 'नाला' म्हणतात. मला ते फार लागतं. तू म्हणू नकोस. आजीला सांगून एकदा पुलावर थांब, नदी कशी वळत जाते ते बघ आणि वहीत काढून मला पाठव. शेजारी तिचं नाव मराठीत लिही.

तुझी,
आई